बर्नर तापला की ज्योत मागे जेटवर जाते : ३२ मिमी गेजच्या वाफेच्या इंजिनाचा गॅस बर्नर

नेरळ_गेज :

नमस्कार मंडळी,

माथेरानच्या जुन्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल इंजिनाच्या धाटणीचं ०-६-० (सहाच्या सहा चालक चाकं) टँक इंजिन आहे. प्रमाण १:१९, रूळ ३२ मिमी. (मूळ इंजिनातल्या, वळणावर सरकणाऱ्या क्लिन-लिंडनर धुऱ्यांच्या भानगडीत पडलेलो नाही, साधे सरळ धुरे आहेत.) वाफेची बाजू ठीक चालते. अडलंय ते बर्नरपाशी.

माहिती अशी :

बॉयलर तांब्याचा, बाहेरचा व्यास ५४ मिमी, लांबी १३० मिमी, मधोमध एकच २२ मिमीची धूरनळी, तिच्यातच बर्नर बसतो. पाणी साधारण १५० मिली.

बर्नर नळीचा, घरी केलेला. स्टेनलेसची नळी, बाहेरून १० आणि आतून ९ मिमी, पुढचं तोंड बंद. वरच्या अंगाला हॅक्सॉने मारलेल्या १४ आडव्या खाचा, खोली नळीच्या एक तृतीयांशापर्यंत. मागे जेट-होल्डर (जेट म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) आणि त्याच्या पुढे हवेची ३ मिमीची चार भोकं, वर सरकती पितळी रिंग.

जेट विकतचं, ०.२० मिमी. गॅसची टाकी ३५ मिली, नीडल व्हॉल्व्हची. गॅस लायटरमध्ये भरायच्या कॅनचा, स्वस्तातला.

लक्षणं : स्मोकबॉक्सचं (बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीचं) दार उघडून पेटवलं की 'फप्' होऊन ज्योत आत जाते, निळी असते, आवाज मऊ. चार-पाच मिनिटं सगळं उत्तम. दाब दीड-दोन बारच्या आसपास आला की शिट्टीसारखा आवाज सुरू होतो, मग एक 'पट्' आणि ज्योत मागे जेटपाशी जळायला लागते. मागची नळी लालसर होते. व्हॉल्व्ह जास्त उघडला तर कधी ज्योत परत पुढे जाते, कधी स्मोकबॉक्समधून पिवळी जीभ बाहेर येते. बंद करून गार झाल्यावर पुन्हा पेटवलं की पुन्हा चार मिनिटं छान.

जेट मोठं घ्यावं का? की बर्नरच नवीन करावा?

---

पितळी_पाना :

जेटला अजून हात लावू नका, आधी खाचा मोजा. हॅक्सॉचं पातं ०.६५ मिमी जाडीचं असलं तरी दात दोन्हीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे खाच ०.९ ते १ मिमीची पडते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. नळीच्या बर्नरमध्ये ०.४ ते ०.५ मिमीच्या खाचा हव्यात. ०.८ च्या वर गेलात की गार असताना चालतं आणि तापल्यावर दगा देतं. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

कारण असं. खाचेतून मिश्रण ज्या वेगाने बाहेर येतं तो वेग ज्योत मागे सरकण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तोवर ज्योत खाचेच्या तोंडाशी थांबते. गार ब्युटेन-हवेत ज्योतीचा वेग फार तर सेकंदाला ०.४ मीटर. नळी तापली की आतलं मिश्रणही तापतं आणि हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. शिवाय अरुंद खाचेचे गार काठ ज्योतीची उष्णता ओढून तिला विझवतात, म्हणून ती आत शिरत नाही. काठ लाल झाले आणि खाच रुंद असली तर हा पहारा उठतो.

आता तुमचे आकडे. व्हॉल्व्ह बेताचा उघडा असताना ०.२० च्या जेटमधून मिनिटाला ०.८ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मिली वायू. तो स्वतःच्या सतरा-अठरापट हवा ओढतो (पूर्ण ज्वलनाला ३१ पट लागते, उरलेली बाहेरून मिळते). एकूण मिश्रण सेकंदाला १०० मिलीच्या जवळपास. तुमच्या १४ खाचा × ८ मिमी लांबी × ०.९५ म्हणजे १०६ चौमिमी. वेग आला सेकंदाला ०.९ मीटर. तापल्यावरच्या ज्योतीला हा पुरा पडत नाही. नळीच्या पोकळीचं क्षेत्रफळ ६४ चौमिमी आहे. खाचांचं एकूण क्षेत्र त्याच्या १ ते १.२ पट ठेवलं तर वेग दीड मीटरच्या आसपास जातो आणि ज्योत जागेवर राहते.

पण बर्नर फेकण्याआधी दोन चाचण्या करा, नाहीतर नव्या नळीतही जुनाच दोष राहील.

पहिली : बर्नर बॉयलरमधून काढा, व्हाइसमध्ये धरा आणि त्यावर २२ मिमी आतल्या व्यासाचा, साधारण १३० मिमीचा लोखंडी पाइपचा तुकडा सैल बसवा. ही खोटी धूरनळी. नुसता उघड्यावर जाळून काही कळत नाही, कारण उघड्यावर नळी पुरेशी तापतच नाही. पाइपात पाच-सात मिनिटं जाळा. तिथेही ज्योत मागे गेली तर दोष बर्नरचा किंवा जेटचा. तिथे नीट चालला आणि इंजिनातच बिघडला तर धुराडं, स्मोकबॉक्स, एक्झॉस्ट (वापरलेली वाफ बाहेर सोडणारी नळी) तपासा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे बोरोसिलिकेट काचेची नळी मिळते, ती वापरली तर ज्योत कुठल्या खाचेवर बसलीय आणि कुठे उचलतेय हे डोळ्यांनी दिसतं.

दुसरी : जेट सरळ फुंकतंय का. मोकळ्या हवेत, आसपास कुठेही आग नसताना, जेट-होल्डर बर्नरमधून सोडवा, वाटीतल्या पाण्यावर १५-२० मिमी उंचीवरून सरळ खाली रोखा आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा. पाण्यावर बारीक गोल खळगा जेटच्या बरोबर खाली पडला पाहिजे. खळगा बाजूला पडत असेल, लांबट असेल किंवा हलत असेल तर भोकात काहीतरी अडकलंय. वाकडी धार नळीच्या भिंतीवर आपटते, हवा कमी ओढली जाते, मिश्रणाचा वेग पडतो. म्हणजे ज्योत मागे जायला आणखी एक निमित्त.

आणि एक, ज्योत जेटवर गेल्याचं कळताक्षणी गॅस बंद करा. त्या अवस्थेत अर्धा मिनिट जरी ठेवलं तरी होल्डरची ओ-रिंग (रबरी कडी) करपते.

---

वाफ_वेडा :

एवढं कशाला? जेट चोंदलं असणार. रॉकेलच्या स्टोव्हची पिन घालून एकदा साफ करा. नाही जमलं तर ०.३ चं ड्रिल मारा, गॅस भरपूर येईल, ज्योत मागे येणारच नाही.

---

पितळी_पाना :

वाफ_वेडा, राग मानू नका पण यातलं काहीच करू नये. स्टोव्हची पिन स्टोव्हच्या निपलसाठी असते. या जेटचं भोक माणसाच्या केसापेक्षा दोन-तीनपटच मोठं. पितळ मऊ असतं, पोलादी तार घातली की भोकाची कड फाकते आणि धार कायमची वाकडी होते. मग नवं जेट घेण्याशिवाय इलाज नाही.

०.३० केलं तर क्षेत्रफळ सव्वादोन पट. तेवढ्या गॅसला तेवढी हवा द्यायला चार भोकं आणि ९ मिमीची नळी पुरणार नाही. पिवळी ज्योत, धूरनळीत काजळी, डोळ्यांना झोंबणारा वास. झोंबणारा वास म्हणजे ज्वलन अर्धवट आहे, सोबत कार्बन मोनॉक्साइडही असतो. बंद खोलीत अशा बर्नरजवळ बसू नये.

जेट साफ करायची रीत : होल्डरमधून काढा, ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. चष्मे धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर त्यात साबणाच्या पाण्यात ठेवा, पण त्या यंत्रात ॲसिटोन अजिबात ओतू नका. मग हवा उलटी मारा, म्हणजे पुढच्या तोंडाकडून मागे. अडकलेला कण आतून आलेला असतो, तो आल्या वाटेनेच परत जातो. सरळ दिशेने फुंकलं तर तो आणखी घट्ट बसतो. शेवटी दहापट भिंगातून उजेडाकडे धरून बघा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

कण येतात कुठून तेही बघा. बहुतेकदा आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तंतू असतात. जेटच्या आट्यांना टेप नकोच. गॅसला चालणारं थ्रेड सीलंट, तेही पहिले दोन आटे सोडून, अगदी थोडं.

---

ठाणे_रसायन :

खाचांचं निदान पटतंय. पण गॅसच्या बाजूने बोललं पाहिजे, कारण तोच बर्नर डिसेंबरच्या सकाळी एक आणि मेच्या दुपारी दुसरंच वागतो, आणि लोक उगाच रिंग फिरवत बसतात.

टाकीत पंप नाही, रेग्युलेटर नाही. जेटमागचा दाब म्हणजे त्या तापमानाला ब्युटेनचा बाष्पदाब, बस्स. शुद्ध ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. वातावरणाच्या वर मोजलेला दाब १० अंशांना साधारण ०.५ बार, २० ला १.१, ३० ला १.८, ४० ला २.८. म्हणजे पुण्यातल्या थंड सकाळी आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात जेटमागे पाचपटीचा फरक. हवा ओढण्याचं काम हीच धार करते, त्यामुळे दाब पडला की गॅस कमी होतो आणि धारेचा जोरही. ज्योत मागे जाते ती अशा वेळी. दाब फार वाढला की उलटं होतं, ज्योत खाचांवरून उचलते, फुरफुरते आणि पुढे स्मोकबॉक्समध्ये जाऊन जळते.

आता चार मिनिटांचं कोडं. गॅसचं बाष्प होताना टाकीतून उष्णता जाते, ग्रॅममागे साधारण ३७० जूल. मिनिटाला ०.८ ग्रॅम म्हणजे ३०० जूल. १०० ग्रॅमची पितळी टाकी आणि १६ ग्रॅम गॅस यांना बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही तर मिनिटाला ४ अंशांनी गार होतील. प्रत्यक्षात हवेतून आणि बॉयलरकडून थोडी मिळते म्हणून इतकं होत नाही, पण टाकी बॉयलरपासून दूर असेल तर पाच मिनिटांत दाब चांगलाच उतरतो. म्हणजे एकीकडे बर्नर तापतोय आणि दुसरीकडे धार मंदावतेय. दोन्ही गोष्टी ज्योत मागे ढकलतात. टाकीवर दव जमतंय का ते बघा. जमत असेल तर टाकीभोवती पन्हळीसारखी पत्र्याची खोबण करून तीत कोमट पाणी ठेवा. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतपत, ४० अंशांच्या आत. उकळतं पाणी किंवा मेणबत्ती कदापि नाही.

स्वस्त लायटर-गॅसबद्दल : काही कॅनमध्ये तेलकट अंश असतो. स्वच्छ काचेवर थोडासा गॅस सोडा, उडून गेल्यावर तेलकट ठसा उरला तर तो कॅन इंजिनाला नको. ते तेल जेटपाशी साचून डिंकासारखं होतं. शक्य तर कॅम्पिंगच्या शेगडीचा ब्युटेन वापरा, आणि टाकीच्या तोंडाशी किंवा होल्डरमध्ये सिंटर्ड (सच्छिद्र) ब्राँझचा छोटा फिल्टर बसवा.

घरच्या सिलिंडरमधून ही टाकी भरण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये. त्यात प्रोपेन असतो, दाब या टाकीच्या हिशोबाबाहेरचा, आणि कायद्यानेही मनाई आहे.

---

लीड्स_कर :

इकडच्या थंडीत, ५ अंशांना, शुद्ध ब्युटेनचा दाब जेमतेम पाव बार भरतो, म्हणून इंग्लंडात यॉर्कशरला हिवाळ्यात इंजिनं चालवताना लोक ७० टक्के ब्युटेन आणि ३० टक्के प्रोपेनचं मिश्रण वापरतात. आट्यांच्या कॅम्पिंग कॅनमध्ये ते सर्रास मिळतं. पण महाराष्ट्रात हा सल्ला तसाच उचलू नका. त्या मिश्रणाचा दाब २० अंशांना साडेतीन बारच्या आसपास, ४० ला सहाच्या वर. उन्हात ठेवलेली काळी टाकी ४० वर सहज जाते. टाकी त्या दाबाच्या निदान दुप्पट पाण्याच्या दाबाने तपासलेली आणि चांदीच्या झाळाने जोडलेली असेल तरच. कथलाच्या झाळाची टाकी कुठल्याच गॅसला नको.

भरण्याबद्दल एक. टाकी ३५ मिली असेल तर २८ मिलीच्या वर द्रव जाता कामा नये. काठोकाठ भरली तर सुरुवातीला द्रवच जेटमधून येतो, ज्योत थुंकल्यासारखी पिवळी उडते, आणि टाकी तापली तर द्रवाला फुगायला जागा राहत नाही. कॅन उलटा, टाकीचं तोंड वर, दोन्ही सरळ रेषेत. वाल्वातून द्रवाचे शिंतोडे यायला लागले की थांबायचं. गॅस जात नसेल तर टाकी ओल्या फडक्याने गार करा, कॅन तापवू नका.

---

नेरळ_गेज :

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासलं.

खाचा फिलर गेजने ०.९५, दोन तर १.० च्या. लोखंडी पाइपातही बर्नर तापल्यावर ज्योत मागे गेली. पाण्यावरचा खळगा एका बाजूला पडतोय. ॲसिटोननंतर सरळ झाला, आणि ॲसिटोनच्या तळाशी पांढरा तंतू सापडला, टेपचाच. जेट साफ केल्यावर आठ-नऊ मिनिटं चालतो, मग पुन्हा तेच. टाकीवर हलकं दव येतं.

नवी नळी करायची ठरवतोय. पण ०.४५ ची खाच मारायची कशाने? माझ्याकडे मिलिंग मशीन नाही. आणि शिट्टीचं काय? जेट साफ केल्यावर कमी झाली, गेली नाही.

---

पितळी_पाना :

सोनाराची करवत घ्या. सराफी सामानाच्या दुकानात पाती नंबरावर मिळतात : ४ नंबर ०.३८ मिमी, ६ नंबर ०.४४ मिमी जाड. तुम्हाला ६ नंबर. स्टेनलेसला पाती भराभर तुटतात, डझनाची गड्डी घ्या, मेण लावत जा, घाई करू नका. नळी आतून भरीव लाकडी दांडीवर चढवा म्हणजे दाबली जात नाही.

माप : पहिल्या खाचेआधी, म्हणजे बॉयलरच्या मागच्या भिंतीपासून आत, १५ ते २० मिमी नळी कोरी ठेवा. तिथून ३ मिमी अंतराने २० खाचा, खोली बाहेरून ३ मिमी. २० × ८ × ०.४५ म्हणजे ७२ चौमिमी, पोकळीच्या १.१३ पट. सुरुवातीला १८ च मारा. नंतर वाढवता येतात, बुजवता येत नाहीत. आतली बूर (कापताना राहिलेली धारदार कड) गोल कानशीने पूर्ण काढा. एक कणसुद्धा तिथे लाल होऊन ज्योत आत ओढतो.

तोवर जुन्या नळीवर एक तात्पुरता इलाज चालेल. चहाच्या स्टेनलेस गाळणीची बारीक जाळी कापून नळीच्या आत, खाचांना चिकटून बसेल अशी एकच थर गुंडाळी घाला. जाळीची भोकं अर्ध्या मिमीच्या आत हवीत. जाळीने अडथळा वाढतो, म्हणून हवेची रिंग पूर्ण उघडावी लागेल. दोन थर घालू नका, मिश्रण गुदमरून हवेच्या भोकांतूनच बाहेर पडतं. पितळी जाळी काही तासांत जळून भुगा होते.

जेटचं टोक कुठे आहे तेही बघा. हवेच्या भोकांच्या मागच्या कडेला बरोबर, किंवा मिमीभर मागे. भोकांच्या मध्यात घुसलं असेल तर निम्मी हवा वायाच जाते.

खाचा वर की बाजूला, यावर लोक भांडतात. तुमच्या २२ मिमीच्या नळीत १० चा बर्नर मधोमध असेल तर वर ६ मिमी जागा मिळते, वर ठेवा. बर्नर खाली टेकवला तर खालून येणारी दुय्यम हवा बंद होते. मागच्या भिंतीशी बर्नरभोवतीची फट बुजवलेली असेल तर ती मोकळी करा, बरेचजण "गळती नको" म्हणून ती बुजवतात आणि मग पिवळ्या ज्योतीचं कारण शोधत बसतात.

---

ठाणे_रसायन :

शिट्टीबद्दल. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीत आत उष्णता दिली की ती स्वतःहून गाते, हे डच भौतिकशास्त्रज्ञ पीटर रिके यांनी १८५९ मध्ये दाखवलं. तुमची धूरनळी म्हणजे तीच रचना. ज्योत आणि नळीतली हवा एका ठेक्यात आली की आवाज वाढतो, आणि आवाजाच्या धक्क्यांनीच ज्योत खाचेतून आत ढकलली जाते. म्हणून शिट्टी आधी आणि 'पट्' नंतर.

ठेका मोडायचा. रिंग थोडी बंद करून बघा, बहुतेक वेळा मिश्रणात हवा जास्त झाल्यानेच गाणं सुरू होतं. नाही थांबलं तर खाचांचं अंतर सारखं ठेवू नका, मध्ये दोन-तीन ठिकाणी ३ ऐवजी ५ मिमी सोडा. किंवा बर्नर १५-२० अंश फिरवा. जाळीनेही आवाज बसतो. पण वाफ सोडून इंजिन चालवताना शिट्टी बंद होत असेल तर मागे लागू नका, धुराड्याच्या ओढीने तो ठेका आपोआप मोडतो.

---

कोकण_बोट :

विषय चाललाच आहे तर विचारून घेतो. माझा उभा बॉयलर आहे, बोटीतला, खाली गोल सिरॅमिकचा बर्नर. पहिल्यांदा सुंदर केशरी तापतो, मग हळूहळू एका बाजूने काळा पडतो, आणि कधीकधी तोही 'पट्' करतो. त्यालाही हेच लागू का?

---

पितळी_पाना :

थोडं वेगळं. सिरॅमिकच्या चकतीत साधारण मिमीच्या शेकडो भोकांतून मिश्रण येतं आणि ज्योत पृष्ठभागालगतच जळते. चकती जाड आणि उष्णता न वाहणारी, मागची बाजू गार राहते, म्हणून मिमीचं भोक असूनही ज्योत मागे जात नाही. ती गेली तर पहिला संशय चिरेवर. चकती काढा, उजेडासमोर धरा, केसाएवढी चीर असली तरी बदला. ओल्या बोटाने पुसून बघा, चीर ओली रेघ म्हणून दिसते. दुसरा संशय कडेच्या पॅकिंगवर. चकती आणि पितळी वाटी यांच्यामध्ये सिरॅमिक फायबरची दोरी किंवा कागद असतो, तो उडाला की कडेने ज्योत खाली उतरते.

एका बाजूने काळा पडतो म्हणजे त्या बाजूला मिश्रण पोचत नाही किंवा धूर परत फिरतोय. मिश्रणाची नळी वाटीत एका बाजूने शिरत असेल तर तिच्या तोंडासमोर छोटा पत्र्याचा आडोसा द्या, धार सरळ समोरच्या भिंतीवर आपटू नये. बोटीत आणखी एक असतं : खोळ इतकी घट्ट असते की हवेची भोकं आतला वापरलेला धूरच ओढतात. डेक उघडा ठेवून चालवून बघा. फरक पडला तर जेटपर्यंत बाहेरची हवा आणणारी वाट काढा. आणि ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असतो, गळती झाली तर बोटीच्या तळाशी साचतो. पेटवण्याआधी बोट तिरकी करून ओतल्यासारखी रिकामी करायची सवय असू द्या.

---

नेरळ_गेज :

६ नंबरच्या पात्याने १८ खाचांची नळी झाली. टाकीला पत्र्याची खोबण केली, कोमट पाणी भरलं. टाकी रिकामी होईपर्यंत ज्योत खाचांवरच राहिली. शिट्टी सुरुवातीला होती, रिंग पाव फेरा बंद केल्यावर थांबली.

एक नवीनच : इंजिन जोरात सोडलं की ज्योत विझते. उभं असताना नाही, फक्त वाफेचा रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडल्यावर.

---

लीड्स_कर :

ते बर्नरचं नाही. एक्झॉस्टची वाफ धुराड्यातून जाताना ओढ तयार करते. गॅसच्या इंजिनाला एवढी ओढ नको असते, कोळशाला हवी असते. एक्झॉस्ट नळीचं तोंड अरुंद केलं असेल तर रुंद करा किंवा थोडं वर, धुराड्याच्या पोटात न्या. तोंड धुराड्याच्या मधोमध आहे का तेही बघा. वाकडं असेल तर वाफ स्मोकबॉक्समध्येच पसरते आणि ज्योत गुदमरते. दोन्हीत ज्योत विझतेच. ओढ जास्त असेल तर विझण्याआधी ज्योत पुढे ताणली जाते, गुदमरत असेल तर मागे भोकांतून डोकावते. स्मोकबॉक्सचं दार किलकिलं करून, इंजिनाची चाकं रुळावरून उचलून फिरवली तर लगेच कळेल.

गार सुरुवातीला सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असतं, ते पहिल्या चार-सहा फेऱ्यांत तेलासकट धुराड्यातून उडतं आणि धूरनळीत शिंतोडतं. त्यानेही विझते. म्हणून पहिला वार हळू सोडायचा, धुराड्यातून पाणी उडायचं थांबलं की मग उघडायचं.

---

ठाणे_रसायन :

आणि विझल्यावर व्हॉल्व्ह लगेच बंद करा, स्मोकबॉक्सचं दार उघडून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच काडी लावा. लायटर-गॅसला घरच्या सिलिंडरसारखा उग्र वास बऱ्याचदा नसतो, तेव्हा नाकावर विसंबू नका. होल्डर आणि व्हॉल्व्हच्या गाठी साबणाच्या पाण्याने बघितल्यात का? टेप काढलीत तेव्हा ओ-रिंगही बदला, नायट्राइल किंवा व्हायटॉनची. सिलिकॉनची दिसायला चांगली, पण तिच्यातून ब्युटेन झिरपतो.

---

नेरळ_गेज :

साबणाने बघितलं, होल्डरच्या आट्यांपाशी बारीक बुडबुडे होते. नायट्राइलची रिंग घातली, थांबले. एक्झॉस्टचं तोंड दोन मिमी डावीकडे होतं, ते उद्या सरळ करतो.